गटार बांधायच्या आधी: दोन हजार वस्तीच्या गावाचं सांडपाणी कसं मार्गी लावावं

ग्रामसभेत सांडपाण्याचा विषय निघाला की पहिली मागणी ठरलेली असते: "आमच्या गल्लीत गटार द्या." सरपंच मान डोलावतात, ठराव होतो, वर्षभरात गटार बांधून होतं. गल्ली कोरडी पडते आणि तेच पाणी गावाच्या खालच्या अंगाला जाऊन तुंबतं. तिथं बहुतेक वेळा शाळेची मागची भिंत असते, नाहीतर ज्यांचं ग्रामसभेत कुणी ऐकत नाही अशांची घरं. गटारानं पाणी जिरत नाही आणि शुद्धही होत नाही. ते या दारातलं त्या दारात जातं, एवढंच.

बरीच वर्षं पंचायतींबरोबर हेच काम करतोय. गाळानं भरलेली गटारं पाहिली, उद्घाटनानंतर महिन्यात बंद पडलेले पंप पाहिले आणि स्वतःच्या हातानं चुकाही केल्या. त्यातली एक पुढं सांगतो. या लेखात दोन हजार लोकवस्तीचं, चारशे उंबऱ्यांचं गाव धरलंय. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदला, पण कामाचा क्रम बदलू नका. आधी घराच्या आवारात जिरवायचं, उरेल तेवढंच वाहून न्यायचं आणि शेवटच्या टोकाला येईल तेवढ्यावरच प्रक्रिया करायची. बहुतेक गावं शेवटाकडून सुरुवात करतात आणि तिथंच पैसे संपतात.

मोरीचं पाणी वेगळं, संडासाचं वेगळं

अंघोळ, धुणं, भांडी यांचं पाणी म्हणजे सांडपाणी. संडासातून येतं ते मैलापाणी. ही दोन एकत्र झाली की कामाचा खर्च आणि धोका दोन्ही कित्येक पटींनी वाढतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रत्येक गल्लीत फिरून एकच गोष्ट तपासा: कोणाच्या संडासाचा पाइप गटारात सोडलाय का?

सापडतात. बहुतेकदा तो सेप्टिक टँकच्या वरच्या अंगाला काढलेला चार इंची पाइप असतो. घरमालक म्हणतो, "टाकीतून शुद्ध होऊनच येतंय ना!" तसं नसतं. टाकीत फक्त गाळ खाली बसतो. बाहेर पडणारं पाणी दिसायला पातळ असलं तरी जंतूंनी भरलेलंच असतं. त्या घराला टाकीच्या पुढं वेगळा शोषखड्डा घ्यायला लावा. हे वाईटपणा घेऊन करायचं काम आहे, पण याला फाटा दिला तर पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

दोन खड्ड्यांचे संडास असतील तर उत्तमच. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं आणि भरलेला निदान दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. मग आतल्या मैल्याचं कोरडं खत होतं. ज्यांची सेप्टिक टाकी आहे त्यांनी दर तीन वर्षांनी मैला उपसणारी गाडी बोलवायची. टाकीत माणूस उतरवायचा नाही. आतल्या वायूनं माणसं क्षणात जातात, आणि २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं गुन्हा आहे. काम गावच्या माणसानं आपखुशीनं घेतलं तरीही.

बादली आणि घड्याळ

आता मोजणी. जलजीवन मिशनच्या योजना माणशी रोज ५५ लिटर पाणी धरून आखल्या आहेत. त्यातलं साधारण ७० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं.

दोन हजार माणसं गुणिले ५५ म्हणजे १ लाख १० हजार लिटर. त्याचे ७० टक्के म्हणजे ७७ हजार लिटर. पाच माणसांच्या एका घराचं रोजचं सांडपाणी १९० लिटरच्या आसपास येतं, म्हणजे एक मोठं पिंप. हा १९० चा आकडा लक्षात ठेवा, पुढं पुन्हा लागणार आहे.

कागदावरच्या आकड्यावर मात्र थांबू नका. गटार जिथं ओढ्यात पडतं तिथं सकाळी सहाला १५ लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन उभे राहा. बादली भरायला किती सेकंद लागतात ते दर अर्ध्या तासानं वहीत लिहा. दहानंतर तासातासानं मोजलं तरी चालेल. एका गावात आम्ही असे उभे होतो. सकाळी साडेसातला बादली ११ सेकंदांत भरत होती आणि दुपारी एकला तीच बादली भरायला दोन मिनिटं लागली. म्हणजे पाणी दिवसभर सारखं येत नाही. निम्मं पाणी पहिल्या तीन तासांत येऊन जातं. पाइपचा व्यास ठरवायला हा आकडा लागतो. नळाला पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवशी एकदा आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी एकदा, असं दोनदा मोजा.

बादलीजवळ उभं राहिलं की आणखी एक कळतं. पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, शेणाचा रंग आहे का, हे दिसतं. गाड्या धुण्याचं सेंटर, मोठा गोठा, वडापावची टपरी, पोल्ट्री यांचं पाणी सांडपाण्यात धरू नका. गोठ्याचं पाणी उकिरड्यात किंवा शेतात जाऊ दे. गाड्या धुणाऱ्यानं तेल अडवायची टाकी स्वतःच्या खर्चानं बांधावी. गावाच्या योजनेवर त्याचा भार टाकायचं कारण नाही.

उताराचा नकाशा

गावठाणाचा नकाशा तलाठ्याकडं किंवा पंचायतीत मिळतो. त्याची मोठी झेरॉक्स भिंतीवर लावा आणि त्यावर विहिरी, हापसे, नळाच्या पाइपची लाइन, ओढा आणि पावसाळ्यात पाणी साठतं त्या जागा रंगानं दाखवा. प्रत्येक घरापुढं एक खूण करा: आवारात चार बाय चार फूट जागा आहे, किंवा नाही.

उतार डोळ्यांनी ठरवू नका. डोळे फसवतात. गवंड्याकडं पारदर्शक लेव्हल नळी असते, ती दोन टोकांना धरून गल्लीगणिक किती इंच उतार आहे ते लिहा. पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याला विनंती केली तर तो डंपी लेव्हल, म्हणजे उतार मोजायची दुर्बीण, घेऊन येईलही, पण तो येईपर्यंत नळीनं निम्मं काम उरकतं. म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा. "पूर आला तेव्हा पाणी कुठून घुसलं?" या एका प्रश्नाचं उत्तर कुठल्याही यंत्रापेक्षा खरं निघतं.

जमीन पाणी पिते का?

लोक ही पायरी टाळतात. माझी चूकही इथलीच.

शोषखड्डा सगळीकडं चालत नाही. मुरूम पाणी पितो, काळी माती पीत नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर वर काळी माती आणि खाली मुरूम असा थर बऱ्याच ठिकाणी लागतो, पण काळी किती खोल आहे हे गल्लीगणिक बदलतं. कोकणात आणि गोव्यात जांभा आहे. तो पाणी भसाभस पितो, पण तितक्याच वेगानं ते शेजारच्या विहिरीतही पोचवतो.

चाचणी सोपी आहे. खड्डा ज्या खोलीवर असणार त्या खोलीपर्यंत जा आणि तळाशी वीतभर रुंदीचं, फूटभर खोल भोक घ्या. कडा सळईनं खरवडा, कारण फावड्यानं गुळगुळीत झालेली माती पाणी शोषत नाही. तळाशी दोन इंच बारीक खडी टाका. भोक पाण्यानं भरा आणि रात्रभर वरचेवर भरत राहा, म्हणजे माती तृप्त होते. कोरड्या मातीवर लगेच चाचणी घेतली तर काळी मातीसुद्धा मुरमासारखी वागते आणि तुम्ही फसता. दुसऱ्या दिवशी सकाळी खडीच्या वर १५ सेंटिमीटर पाणी ठेवा आणि ३० मिनिटांत ते किती उतरलं ते पट्टीनं मोजा. पाणी रात्रीतच जिरून गेलं असेल तर चार तास दर अर्ध्या तासानं भरून मोजा आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरा.

आता एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, उतरायला किती मिनिटं लागली ते काढा. ३० मिनिटांत ७५ मिलिमीटर उतरलं तर इंचाला १० मिनिटं. पुढचं गणित आयएस २४७० या भारतीय मानकात दिलंय: २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळानं भागायचं. येईल तेवढे लिटर पाणी खड्ड्याची एक चौरस मीटर भिंत रोज पिते. इंचाला १० मिनिटं लागत असतील तर ६४ लिटर. ३० मिनिटं लागत असतील तर ३७ लिटर. तासभर लागत असेल तर जेमतेम २६.

चार बाय चार बाय चार फुटाच्या खड्ड्यात पाइपच्या खालची कामाची खोली तीन फूट धरली तर चारी भिंती मिळून जवळपास साडेचार चौरस मीटर होतात. तळ धरायचा नाही, कारण तो गाळानं बुजतोच. पहिल्या जमिनीत हा खड्डा रोज २८५ लिटर पितो. घराचं १९० लिटर पाणी त्यात आरामात जातं. दुसऱ्या जमिनीत तो १६५ लिटरवर अडतो आणि घरमालक आठवड्यात तुम्हाला शिव्या घालायला लागतो. मानकही हेच सांगतं: इंचाला ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तिथं शोषखड्डा घेऊ नये.

माझं काय झालं ते सांगतो. एका गावात वरच्या आळीत दोन ठिकाणी चाचणी घेतली. मुरूम फर्स्टक्लास होता. उत्साहात खालच्या आळीतही त्याच मापाचे बावीस खड्डे घेतले. तिथं सात फुटांपर्यंत काळी होती. उन्हाळ्यात सगळे चालले, फोटो काढले, बिलंही निघाली. आषाढात पहिली झड लागली आणि बावीसच्या बावीस खड्डे तोंडापर्यंत भरून अंगणात वाहिले. एक मावशी दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, पूर्वी घाण गटारात तरी होती, तुम्ही ती तुळशीपाशी आणून ठेवली." उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून दर दहा घरांमागं एक चाचणी, आणि जमिनीचा रंग बदलला की आणखी एक, हा नियम पाळतोय.

खड्डा: मापं आणि आतली गोष्ट

खड्डा दिवाळीनंतर ते मेअखेर या काळात घ्या. पिण्याच्या विहिरीपासून किंवा हापशापासून निदान ६० फूट लांब, घराच्या पायापासून पाच-सहा फूट बाजूला. पावसाळ्यात विहिरीला पाणी जमिनीपासून किती खाली असतं ते विचारा. खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या निदान सहा फूट वर राहायला हवा. ते जमत नसेल तर त्या घरी खड्डा नको. कोकणात भरपावसात तर विहिरीची कडा हाताला लागते, तिथं हा नियम अगदी काटेकोर पाळा.

साधा शोषखड्डा म्हणजे दगडगोट्यांनी भरलेला खड्डा. तो दीड-दोन वर्षांत साबणाच्या मळीनं आणि केसांनी बुजतो. मग सगळे दगड बाहेर काढून धुवावे लागतात, आणि ते कुणी धूत नाही. यावर चांगला तोडगा नांदेड जिल्ह्यातून आला. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घराघरांत असे खड्डे घेतले आणि ही पद्धत 'मॅजिक पिट' म्हणून जिल्हाभर पसरली. खड्ड्याच्या मधोमध दोन फूट व्यासाची सिमेंटची टाकी बसवतात. टाकीला वरच्या अंगाला भोकं असतात. मोरीचं पाणी आधी टाकीत पडतं, गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ पाणी भोकांतून बाजूच्या दगडांत जातं. दगड बुजत नाहीत आणि साफ करायची फक्त टाकी उरते. वर्षातून दोनदा झाकण उघडून तळचा गाळ काढायचा, झालं.

भरताना बारकावे सांभाळा. खाली मोठे, दोन्ही हातांनी उचलावे लागतील असे दगड. मध्ये नारळाएवढे. वर मुठीएवढे. वाळू किंवा विटांचा चुरा अजिबात नको. दगडांवर जुनं पोतं किंवा जाड प्लॅस्टिक अंथरून मगच माती टाका, नाहीतर पहिल्याच पावसात माती खाली उतरून दगडांतल्या फटी भरून टाकते. टाकीचं झाकण मातीखाली गाडू नका. गाडलेलं झाकण पुन्हा कधी उघडलं जात नाही. मोरीतून पाइप जिथं निघतो तिथं स्टीलची जाळी बसवा आणि भाताची शितं, चहाचा चोथा कुठं टाकायचा ते घरातल्या बायकांशी बोला. पुरुषांना सांगून उपयोग नाही, त्यातले निम्मे भांडी घासत नाहीत.

ठेकेदाराकडून काम करून घेत असाल तर खड्डा भरायच्या आधी माप घ्या, फोटो काढा. भरल्यावर चार फुटांचा खड्डा आणि अडीच फुटांचा खड्डा वरून सारखाच दिसतो.

परसात जागा असेल तर खड्ड्याऐवजी परसबागही चालते. दोन इंची पाइपला खालच्या बाजूनं भोकं पाडून तो खडीच्या चरात वीतभर खोल टाका आणि चराच्या दोन्ही कडांना केळी, अळू, कर्दळ, पपई लावा. केळीसारखं पाणी पिणारं झाड नाही. मेथी, कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं काही या पाण्यावर घेऊ नका.

एक गैरसमज इथंच मोडतो, कारण त्यापायी लोक नंतर नाराज होतात. शोषखड्ड्यांनी क्युलेक्स डास कमी होतात. तो घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूचा डास मात्र रांजणात, टायरात, कूलरमध्ये साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गावात खड्डे झाले म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून सुकवायचा दिवस, बंद करू नका.

उरलेल्या पाण्याचा रस्ता

चारशे घरांपैकी अडीचशे घरांना जागा आणि जमीन दोन्ही मिळाली असं धरू. त्यांचं ४८ हजार लिटर पाणी घरीच जिरलं. आता उरली गावठाणातली चिकटून बांधलेली, दारातच रस्ता असलेली दीडशे घरं. त्यांचं २९ हजार लिटर पाणी वाहून न्यायचंय. सोयीसाठी ३० हजार धरा.

या टप्प्यावर अंदाजपत्रकात हमखास दीड-दोन फूट रुंदीचं काँक्रीटचं उघडं गटार येतं. ३० हजार लिटरचं निम्मं पाणी तीन तासांत आलं तरी सेकंदाला दीड लिटरसुद्धा होत नाही. एवढ्याशा पाण्याला दोन फुटी गटारात वेगच येत नाही. पाणी तळाशी पसरतं, गाळ बसतो, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात. १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप शंभरला एक उतारानं टाकला तर तो याच्या दसपट पाणी नेतो आणि स्वतःला धुऊनही घेतो. उतार कमीच असेल तर दोनशेला एकपर्यंत चालेल, त्याहून सपाट करू नका.

पाइप तुंबेल अशी भीती सगळ्यांना वाटते. तुंबतो, जर गाळ त्यात गेला तर. म्हणून प्रत्येक घराच्या तोंडाशी दीड फुटी चौकोनी चेंबर हवं. आत येणारा पाइप आणि बाहेर जाणारा पाइप दोन्ही तळापासून निदान फूटभर वर, म्हणजे गाळ तिथंच बसतो. लाइनवर दर ३० मीटरला आणि प्रत्येक वळणावर तपासणी चेंबर. झाकण एका माणसाला उचलता येईल एवढंच जड ठेवा. मी अशी झाकणं पाहिलीत की ती उघडायला जेसीबी बोलवावा लागेल.

पावसाचं पाणी या पाइपात घ्यायचं नाही. पन्हाळीचं पाणी रस्त्याच्या कडेनं उघड्या चरातून ओढ्याकडं जाऊ द्या. ते गढूळ असतं, घाण नसतं. दोन्ही एकत्र केलीत तर पहिल्याच वळवाच्या पावसात खालच्या टोकाची सगळी व्यवस्था वाहून जाईल. जुनं उघडं गटार असेल तर ते फोडू नका, पावसासाठी राहू द्या आणि त्याच्याच कडेनं पाइप टाका.

नळाच्या पाइपला हा पाइप समांतर जात असेल तर तो नळाच्या पाइपच्या खाली आणि बाजूला ठेवा. जिथं ओलांडावाच लागतो तिथं नळाचा पाइप वर. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गावात रिकाम्या नळाच्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते. गॅस्ट्रोची साथ बऱ्याच वेळा इथूनच सुरू होते.

शेवटचं टोक: तळं की कर्दळीचा वाफा

पाइप जिथं संपतो तिथं प्रक्रिया. वीज, पंप, हवा मारायचं ब्लोअर असलं काही लहान गावात घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. वीजबिल थकलं की ते बंद पडतं, आणि वीजबिल थकतंच. उतारानं, गुरुत्वाकर्षणावर चालणारे दोन पर्याय आहेत.

दोन्हींच्या आधी एक जाळी आणि एक झाकलेली निवळण टाकी हवीच. दिवसभराचं पाणी मावेल एवढी, म्हणजे ३० घनमीटरची, मध्ये आडव्या भिंती घालून दोन-तीन कप्प्यांची. गाळ आणि तवंग इथं अडतो.

पहिला पर्याय स्थिरीकरण तळ्यांचा. पाणी उथळ तळ्यांत दहा दिवस उन्हात राहतं. शेवाळ प्राणवायू देतं, जिवाणू घाण खातात, ऊन जंतू मारतं. दोन तळी घ्या: पहिलं चार-साडेचार फूट खोल, दुसरं तीन फूट. मिळून दहा दिवसांचं, म्हणजे ३०० घनमीटर पाणी मावायला हवं. पाण्याचा पसारा अडीचशे-तीनशे चौरस मीटर होतो, बांध आणि वाट धरून पाच गुंठे जागा लागते. तळ मुरमाचा असेल तर गावातलीच काळी माती ओली करून चेचून थर द्या, नाहीतर पाणी थेट भूजलात उतरेल. घरांपासून शक्य तेवढं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. भोवती कुंपण घाला, पोरंटोरं आणि जनावरं आत येता कामा नयेत. कडेचं गवत सतत कापा, कारण डासांच्या अळ्या तळ्याच्या मध्यात नसतात, गवताच्या आडोशाला असतात. दुसऱ्या तळ्यात गप्पी मासे सोडा. तालुक्याच्या हिवताप विभागाकडं मिळतात.

दुसरा पर्याय पाणवनस्पतींचा वाफा. दोन फूट खडीच्या थरातून पाणी आडवं सरकत जातं. वर कर्दळ, पाणकणीस, देवनळ. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालीच राहतं, म्हणून वास नाही, डास नाहीत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केलेलं 'फायटोरिड' तंत्र याच घराण्यातलं. गावाला दिसायलाही आवडतं. कर्दळीला फुलं आली की लोक तिथं सेल्फी काढतात.

पण खडीचा हिशेब आधी करा. पाणी पाच दिवस थांबवायचं आणि खडीत ४० टक्के पोकळी असते, म्हणजे ३० घनमीटरसाठी ३७५ घनमीटर खडी लागते, १३२ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). तुमच्या तालुक्यातला दर लावून बघा. आणि घरोघरी काहीच न जिरवता गावाचं सगळं ७७ हजार लिटर इथं आणलं असतं तर खडी लागली असती ३४० ब्रास. वरच्या आळीतला एकेक शोषखड्डा इथली जवळपास एक ब्रास खडी वाचवतो. गायरानात पाच-सहा गुंठे सहज मिळत असतील तर तळं घ्या. जागा गावाला लागूनच असेल आणि पैसे असतील तर वाफा. नेहमीची धुतलेली, एकसारखी खडी वापरा. क्रशरची धूळ मिसळलेली स्वस्त खडी पहिल्या वर्षात वाफा बुजवते.

पैसे

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये ठरवले गेले. ७० टक्के मिशनकडून आणि ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. आपल्या गावाला हे ५ लाख ६० हजार होतात, त्यातले १ लाख ६८ हजार पंचायतीच्या वित्त आयोगाच्या खात्यातून. घरगुती शोषखड्डे रोजगार हमीतून घेतले तर ही रक्कम पाइप आणि तळ्याला उरते. टेंभुर्णीनंतर नांदेड जिल्ह्यात खड्डे झाले ते बरेचसे रोजगार हमीतूनच. योजनांची नावं आणि नियम बदलत असतात, म्हणून चालू परिपत्रक पंचायत समितीत मागून हातात घ्या. सांगीवांगीवर अंदाजपत्रक बनवू नका.

काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर बाकी सगळं असूनही पैसे मिळत नाहीत. तेव्हा आधी आराखड्यात नाव, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, आणि त्यानंतरच कुदळ. तळ्याच्या जागेचा ठराव आणि उतारा फाइलीत पहिल्या पानाला लावा. मी पाहिलेली निम्मी कामं जागेच्या वादात अडकली, पैशासाठी अडलेली फार थोडी.

चालवणार कोण?

अंदाजपत्रकात देखभालीचा रकाना नसतो, म्हणून तो ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या: कामाचा माणूस, त्याचे तास, त्याचा पगार कुठून. पाणीपट्टीबरोबर महिन्याला थोडी सांडपाणी पट्टी लावली तर लोक कुरकुरतात, पण देतात. फुकटातली व्यवस्था कुणाचीच नसते.

त्या माणसाला गमबूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, लांब दांड्याचं फावडं आणि साबण द्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन करून घ्या. कामं फार नाहीत. जाळी रोज साफ करायची. चेंबरं महिन्यातून एकदा उघडून बघायची, गाळ असेल तर काढून उन्हात वाळवायचा. निवळण टाकीतला गाळ वर्ष-दीड वर्षातून मैलागाडीनं उपसायचा. कर्दळ दिवाळीनंतर एकदा गुडघ्याएवढी छाटायची आणि छाटलेलं वाफ्यात पडू द्यायचं नाही. मे महिन्यात पावसाचे चर मोकळे करायचे. प्रत्येक कामाची तारीख एका वहीत, आणि ती वही पंचायतीत न ठेवता तळ्यापाशी, पत्र्याच्या पेटीत.

बाहेर पडणारं पाणी कसं आहे ते वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत तपासा: एकदा ऐन उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर. ओढ्यात सोडायचं असेल तर बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. झाडांना, गवताला, बांबूला द्यायचं असेल तर १०० पर्यंत चालतो. म्हणूनच शक्य असेल तिथं ते ओढ्यात न सोडता गायरानात नेपियर गवताला द्यावं. आतल्या जिवाणूंवर भार कमी आणि गुरांना चारा. असा चारा कापून, थोडा सुकवून घाला. ओल्या वाफ्यात जनावरं सोडू नका.

अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून मधल्या काळात एक घरगुती चाचणी करतो. शेवटच्या तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यानं काचेची बाटली गळ्यापर्यंत भरायची, घट्ट बूच लावायचं आणि पाच दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवायची. सहाव्या दिवशी बूच काढून वास घ्यायचा. मातीसारखा, ओल्या शेवाळासारखा वास आला तर तळं काम करतंय. कुजक्या अंड्याचा वास आला तर वर जाऊन निवळण टाकीचं झाकण उघडा. दहापैकी नऊ वेळा ती गाळानं भरलेली असते आणि वहीतली शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची निघते.